खारदेवाची माती

नकाशावर खारदेवाची जागा हिरव्या चौकोनात दाखवली होती. बाकी सगळा नकाशा राखाडी. कंटेनर रचायचं मैदान राखाडी, रेल्वेची सायडिंग राखाडी, वजनकाटा, कस्टमचं ऑफिस, ट्रकांचा तळ, सगळं राखाडी. हिरव्या चौकोनाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : श्रद्धास्थान, जसे आहे तसे.

भटू अमृत पाटील यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"आता खूश ना, आबा?" हेमकांत म्हणाला. तो साइटचा इंजिनिअर, तिशीचा, धुळ्याचा. "देवाला धक्का लावायचा नाही असं वरूनच ठरलंय. कट्टा बांधू. वर पत्रे टाकू. पाण्याचा नळ देऊ. लोक येतील, बसतील, दोन घास खातील."

"नळ?"

"तिथेच बोअर मारू. छोटा."

आबांनी काठी घेतली आणि फाटकाकडे चालू लागले. तेहेतीस वर्षं ते त्या फाटकातून आत-बाहेर करत होते. सात वर्षं रंगाच्या कारखान्याचे कामगार म्हणून, पंचवीस वर्षं बंद कारखान्याचे रखवालदार म्हणून. आता वर्षभर नव्या बंदराचे. खुर्ची तीच होती. फाटक मात्र नवं बसवलं होतं.

नंदुरबारला बंदर येतंय म्हटल्यावर आधी लोक हसले होते. समुद्र दीडशे किलोमीटरवर. पण हे कोरडं बंदर. मिरची, कापूस, केळी इथेच कंटेनरमध्ये भरायची, सगळे कागद इथेच पुरे करायचे, सील लावायचं आणि डबे रेल्वेने थेट जहाजापाशी न्यायचे. त्यासाठी लाइनीला लागून मोठी जागा हवी होती, आणि शेती मोडायची नव्हती. तशी जागा एकच होती. बंद कारखान्याची.

तिथे शेती होणंच शक्य नव्हतं. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा खार फुटायचा. पावसाळ्यात डबक्यांचा रंग चहासारखा दिसायचा. जुन्या विहिरीवर कारखाना बंद पडल्यापासून लोखंडी झाकण होतं. कंपनीने जागा घेतली तीच साफ करायच्या अटीवर. जुन्या कागदांत तीन खड्डे होते. तिन्हींतला गाळ उपसला गेला, पिशव्यांत बांधला गेला, सीलबंद गाड्यांतून असला माल पुरायची परवानगी असलेल्या जागी गेला. वर जाड काळं प्लास्टिक, त्यावर चिकणमाती, मग मुरूम, मग काँक्रीट. काम चोख होतं. आबा रोज बघत होते.

कागदात तीन खड्डे होते. जमिनीत चार.

चौथा आबांनी स्वतः खणला होता. आबांनी आणि सोबतचा कामगार डोंगरसिंग याने. सत्त्याण्णव साल. रविवार होता, कारखान्याला सुट्टी. सोमवारी तपासणी येणार होती. मॅनेजरने भाड्याचा जेसीबी लावला आणि दोघांना बोलावलं. शेडमागे टाकाऊ रसायनांची गळकी निळी पिंपं रचलेली होती. दुपारी चारपर्यंत एकशे दहा पिंपं खाली गेली. वर माती ओढली. मॅनेजरने दोघांना भजी खाऊ घातली. भज्यांना त्याच पिंपांचा वास येत होता, असं डोंगरसिंग पुढे कित्येक वर्षं सांगायचा.

पुढच्या वर्षी कारखाना बंद पडला. मालक गेला, मॅनेजर गेला. आबा रखवालदार म्हणून उरले.

मग डोंगरसिंगच्या दोन शेळ्या मेल्या. खार चाटायला त्या नेमक्या चौथ्या खड्ड्यावर जायच्या. सकाळी चाटला, संध्याकाळी पाय ताठ. आबांनी तिथे पत्र्याची धोक्याची पाटी लावली. पाटी आठ दिवसांत कोणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यावर गेली. बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. काटे चुलीत गेले. एके दिवशी पाहिलं तर गावातली पोरं तिथे क्रिकेट खेळत होती. जागा सपाट, गवताची काडी नाही. खेळायला याहून चांगली जागा कुठली?

आबांनी तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी तापीच्या पात्रातून एक गोटा आणला. खड्ड्यावरची माती भुसभुशीत होती, म्हणून खाली एका पिंपाचं निळं झाकण ठेवलं, त्यावर गोटा. शेंदूर आणि तेल लावलं. भोवती पुन्हा काटे घातले.

डोंगरसिंग शेजारी उभा होता. "पाटील, देव ते बठाडा. आते तो खाई काय?"

"काहीच नही. ह्या देवले कायमना उपास शे."

डोंगरसिंग इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

उपाय लागू पडला. देवाचे काटे कोणी नेईना. पोरं दुसरीकडे खेळू लागली. गुराखी गुरं लांबून वळवू लागले. त्या वर्षी आबांना शांत झोप लागली.

पुढच्या पोळ्याला तिथे फोडलेला नारळ दिसला.

नारळ फोडला म्हणजे खोबरं खाल्लं. आबांनी लगेच गावात सांगितलं, हा देव कडक आहे, याच्या कुंपणात काही खायचं नाही, नारळ फाटकाबाहेर फोडायचा. लोकांनी मान डोलावली. नंतर कोणी तरी वरण-बट्टी करायला गोवऱ्या घेऊन आलं. आबा म्हणाले, इथे चूल चालत नाही. बायका हातपंपाचं पाणी वाहू लागल्या. आबा म्हणाले, इथलं पाणी याला चालत नाही, घरून आणा. बसायचं नाही. लहान मूल जमिनीवर ठेवायचं नाही. चप्पल मात्र काढायची नाही, हा असा एकच देव.

प्रत्येक नियम आबांनी लोकांना लांब ठेवण्यासाठी केला. प्रत्येक नियमाने देव मोठा झाला. कोरीटपासून धानोऱ्यापर्यंत नाव झालं. कडक देव म्हणजे खरा देव, असा लोकांचा हिशेब. नाव पडलं खारदेव. आणि नियम सांगणारे म्हणून आबाच त्याचे पुजारी झाले. लोक ज्वारीचे दाणे आणून त्यांच्यापुढे ठेवायचे. चिमूट उचलायची, दाणे जोडीने लावायचे. सगळ्यांच्या जोड्या लागल्या तर देव हो म्हणतो, एक उरला तर नाही. आबा लावून द्यायचे.

एकाच गोष्टीपुढे त्यांचं काही चाललं नाही. लोक देवाची माती न्यायचे. चिमूटभर, पदराच्या टोकाला बांधून. आजारी माणसाच्या कपाळाला लावायला, बाळंतिणीच्या उशाशी ठेवायला. आबा म्हणाले, खायची नाही. मग म्हणाले, लावायचीही नाही, नुसती घरात ठेवायची. नेऊच नका असं म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही. देवाची माती नेऊ नका, असं कुठला पुजारी सांगतो? लोकांनी तिथेच विचारलं असतं, का?

आठ वर्षांपूर्वी डोंगरसिंग वारला. तेव्हापासून हे जाणणारा एकच माणूस होता.

नकाशा पाहिला त्या संध्याकाळी आबा हेमकांतच्या केबिनमध्ये परत गेले. दार लोटलं आणि सगळं सांगितलं. उभ्यानेच.

हेमकांत बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसला. "किती पिंपं?"

"एकशे दहा."

"कुठल्याच कागदावर नाहीत."

"कागदावर येऊ नयेत म्हणूनच पुरली ना, साहेब."

हेमकांतने हातांनी तोंड पुसलं. तिथे खोदावं लागणार, हे त्याला लगेच कळलं. देव असताना खोदता येणार नाही, हेही कळलं. "आबा, खरं सांगितलं तर लोक तुम्हाला मारतील आणि मग मला. एक करा. तुम्ही दाणे लावा. देव हलायला तयार आहे म्हणा. फाटकाबाहेर नवी जागा देऊ, छान देऊळ बांधू. देव गेला की आम्ही निवांत खोदतो. कोणाला काही कळायचं कारण नाही."

आबांना हे पटलं. पटायलाच हवं होतं. खोटं त्यांना नवं नव्हतं, आणि हे तर शेवटचं.

गुरुवारी गाव जमलं. आबांनी चिमूट उचलली, दाणे जोडीने मांडले. एक दाणा उरला. आबांनी तो अंगठ्याखाली दाबला.

"देव हो म्हनस," ते म्हणाले.

लोकांनी जयजयकार केला. मिरचीचे व्यापारी महावीरशेठ यांनी देवळाची फरशी आपल्याकडून जाहीर केली. बंदरातून पहिला कंटेनर त्यांच्याच मिरचीचा जायचा होता. हेमकांतने लांबून आबांना अंगठा दाखवला. आबांच्या अंगठ्याखाली दाणा होता.

सोमवारी सकाळी आठला देव हलवायचा ठरला. आबा साडेसातलाच गेले. पाहतात तर कुंपणाबाहेर वीस-पंचवीस बायका, प्रत्येकीजवळ टोपली. कोणाकडे खुरपं, कोणाकडे घमेलं. सगळ्यांच्या पुढे आबांची बायको, तापीबाई. नवी टोपली, आत नवं फडकं.

"हाई काय?" आबांनी विचारलं.

"काय म्हंजे?" तापीबाई म्हणाल्या. "देव एकटा जास का? त्यानी जागानी माती लागी ना संगे. नव्या देऊळना पायामा टाकसूत. उरी ती घरेघर वाटसूत. परत आठे येवाले भेटाव नही."

मागच्या बायकांनी हो हो केलं. एकीने विचारलं, "आबा, किती खोल खंदू? वरनी माती चाली का खालनी?"

पंचवीस वर्षं चिमूट-चिमूट गेलेली माती आज टोपल्यांनी जाणार होती. खालची. पुरल्या पिंपांवरची. त्यांच्याच सांगण्यावरून देव उठला होता, म्हणून.

तापीबाई खुरपं घेऊन वाकल्या. आबांनी त्यांचा हात धरला. चारचौघांत बायकोचा हात त्यांनी त्याआधी फक्त लग्नात धरला होता.

"नको खंदू. हाऊ देव मी ठेयेल शे. खाले जहर शे."

एव्हाना बाकीचं गावही जमलं होतं. आधी महावीरशेठच हसले. "आबा, देव कोणी तरी ठेवल्याशिवाय बसतो का? आमचंही देऊळ आमच्या आजोबांनीच बांधलंय."

"शेठ, मी पोरं क्रिकेट खेळू नयेत म्हणून ठेवला."

गर्दीत कुजबूज सुरू झाली. मागून एक जण ओरडला, "आबाले कंपनीनी चहा पाजा रे!" दुसरा म्हणाला, "गुरुवारले देव बोलना, सोमवारले आबा बोली ऱ्हायनात. कोन खरं?" एक म्हातारी रडायला लागली. हेमकांत धावत आला आणि मध्येच थांबला.

आबांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. मग म्हणाले, "गोटाखाले निळं झाकन शे. पिंपाचं. त्यावर कवटीनं चित्र शे. नसलं तर माले आठेच गाडा."

कोणी पुढे येईना. देवाला हात कोण लावणार? शेवटी आबांनीच लावला. पंचाहत्तरीचे हात, गोटा जड. तो एका बाजूला कलंडला. खाली निळं झाकण. रंग विटलेला, पण निळाच. हेमकांतने हातमोजे घालून झाकणावरची माती झटकली. कवटी दिसली. दोन हाडं दिसली.

त्याने झाकण उचललं. खालची माती जांभळट लाल होती. वास सुटला. बायकांनी पदर नाकाला लावले. एकेक टोपली मागे सरकत गेली.

तापीबाईंनी आपली टोपली उचलली, फडकं झटकलं, घडी केली. नवऱ्याकडे न पाहता त्या घरी निघून गेल्या.

आबा दुपारी घरी आले, तेव्हा ओट्यावर काळ्या दोऱ्यातला एक ताईत ठेवलेला होता. त्यांच्या नातीचा, भाविकाचा. मुलगा-सून सुरतेला. भाविका इथे राहून बी. एस्सी. करत होती आणि सुट्टीच्या दिवशी साइटवर मातीच्या नमुन्यांच्या बरण्यांना चिठ्ठ्या लावत होती. सुनेला चार वर्षं मूल नव्हतं. तापीबाईंनी खारदेवाला नवस केला, पुढच्या वर्षी भाविका झाली. बारशाला तापीबाईंनी स्वतः देवाची माती आणून ताईत केला. मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत तो तिच्या दंडावर होता.

तापीबाई चुलीजवळ पाठमोऱ्या बसल्या होत्या. "बारसाले तुमी व्हतात," त्या म्हणाल्या. "मी माती भरी तव्हय समोर बठेल व्हतात."

"त्यामझार ती माती नही," आबा म्हणाले.

त्या वळल्या.

"त्याच राती तू निजनी आनी मी ताईत उघाडा. ती माती काढी टाकी. आपला वावरनी भरी. पोरले काई व्हयेल नही, तापी. तिच्या अंगावर कायम आपली माती व्हती."

आबांना वाटलं, आता ही रडेल, किंवा सुटकेने हसेल. एवढी एक गोष्ट त्यांनी वीस वर्षं जपून ठेवली होती. कधी सगळं बाहेर आलंच तर ही पुढे करता येईल म्हणून.

तापीबाईंनी ताईत हातात घेतला, दाबून पाहिला, परत ठेवला.

"आनी बाकीसना पोरेसनं काय?" त्यांनी विचारलं.

वीस वर्षांत हा प्रश्न आबांना एकदाही पडला नव्हता असं नाही. पण कोणी विचारला नव्हता.

त्यानंतर तापीबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या. शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी आबा हेमकांतकडे गेले आणि झाकणाचा ड्रम मागितला. भाविकाने तो आणून दिला. हातमोजेही दिले. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. "आजा, माती हातमा नका धरज्यात," एवढंच म्हणाली आणि ड्रमवर चिठ्ठी चिकटवली.

आबा ड्रम हातगाडीवर ठेवून दारोदार फिरले. प्रत्येक दारात एकच वाक्य. "खारदेवनी माती घरमा शे का? असली तर माले दे." कोणी देव्हाऱ्यातली पुरचुंडी आणून टाकली. कोणी पाळण्याची. कोणी तोंडावर दार लावलं. एका तरण्या बापाने शिव्या दिल्या. त्याचा मुलगा लहानपणापासून अंगाला खाज येते म्हणून औषध घेत होता. मातीनेच आली की कशाने, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आबांनी शिव्या ऐकून घेतल्या. डॉक्टरांची गाडी कंपनी पाठवणार आहे, रक्त तपासून घ्या, म्हणाले आणि पुढच्या दारात गेले.

चौथ्या दिवशी ते एका बंद दारापुढे उभे होते. आतली बाई म्हणत होती, देव खोटा असला तरी माझी माती खरी आहे, मी देणार नाही. आबा हातगाडी वळवू लागले. तेवढ्यात मागून तापीबाई आल्या. त्यांना ओलांडून दारापाशी गेल्या. कडी वाजवली. आत गेल्या. बराच वेळ आतून नुसतं बायकांचं बोलणं ऐकू येत राहिलं. मग त्या पुरचुंडी घेऊन बाहेर आल्या, ड्रममध्ये टाकली आणि पुढच्या दाराकडे निघाल्या. आबा हातगाडी ढकलत मागे.

असं सात दिवस चाललं. दार तापीबाई वाजवायच्या, ड्रम आबा धरायचे. दोघांत बोलणं नव्हतं. लोक बघायचे. सातव्या दिवशी एक म्हातारा म्हणाला, "पाटील, तुम्हना देव गया, पन देवी कडक भेटनी." तापीबाई त्याच्याकडेही पाहून हसल्या नाहीत.

इकडे चौथा खड्डा उघडला. पिंपं गंजून चाळण झाली होती. गाळ तीन गाड्यांत गेला. चौथ्या गाडीत गोळा केलेल्या मातीचा ड्रम, निळं झाकण आणि तो गोटा. गोट्याच्या बुडात रंग मुरला होता, तोही इथे ठेवता येणार नव्हता. नव्या नकाशात हिरवा चौकोन उरला नाही.

गाडी निघायच्या सकाळी तापीबाई फाटकात आल्या. हातात ताम्हन, नारळ, उदबत्ती. त्या गाडीभोवती एकदा फिरल्या. मागच्या फळीवर कवटीचं चित्र होतं. त्याच्या शेजारी त्यांनी कुंकवाचं बोट लावलं.

ड्रायव्हर परमुलखातला होता. खिडकीतून वाकून त्याने विचारलं, "अम्मा, इसमें है क्या?"

"आमना देव शे," तापीबाई म्हणाल्या. "हळू चालव."

गाडी हायवेच्या वळणावर दिसेनाशी झाली. आबांनी नारळासाठी हात पुढे केला. फाटकाच्या खांबापाशी एक धोंडा होता. पण तापीबाई त्यांना नारळ न देता फाटकाबाहेर गेल्या. रस्ता ओलांडला. पलीकडच्या बांधापर्यंत गेल्या. तिथे धोंड्यावर त्यांनी नारळ फोडला. आबा मागून गेले होते.

तापीबाईंनी खोबऱ्याचा तुकडा त्यांच्यापुढे धरला.

"आठे खावाले चालस ना?"

अकरा दिवसांनंतरचा पहिला शब्द. आबांनी वळून पाहिलं. फाटक चांगलं लांब राहिलं होतं. तरी त्यांनी पायांखालची माती पाहिली, बांधावरचं गवत पाहिलं. गवत हिरवं होतं.

"चालस," ते म्हणाले आणि तुकडा घेतला.